सीमाभागातले सरकारी दवाखाने रात्रीही चालू राहायला नेमकं काय लागतं?

मलप्रभाकाठ | सोमवार, सकाळी ७.४०

आपल्या भागातल्या दवाखान्यांच्या बातम्या दोनच तऱ्हेच्या येतात. एक तर नव्या इमारतीचं भूमिपूजन, नाहीतर डॉक्टर नाहीत म्हणून तहसीलदारांना निवेदन. दवाखाना रोज कशावर चालतो आणि कशामुळे ढेपाळतो, यावर मराठीत नीट लिहिलेलं सापडत नाही. म्हणून हा धागा. खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी, रायबाग, हुक्केरी, शिवाय तिकडचे हल्याळ-जोयडा, सगळ्यांनी लिहा. आकडा, पद्धत, नियम असं काहीतरी हातात धरण्यासारखं लिहा एवढीच विनंती.

सुरुवात मी करतो. सरकारी दवाखान्याला कुलूप क्वचितच लागतं. फलक असतो, सकाळची ओपीडी असते, हजेरीपट असतो. बंद पडायचं ते आतून पडतं, आणि त्याचा क्रम बहुतेक ठिकाणी सारखाच. भूलतज्ज्ञाची बदली होते आणि सिझेरियन थांबतं. इथे सिझेरियन होत नाही हे कळलं की साधी बाळंतपणंही कमी येतात, कारण ऐनवेळी अडलं तर पुढे हलवावं लागणार हे घरच्यांना ठाऊक असतं. बाळंतपणं कमी झाली की रात्रपाळीच्या नर्सना दुसरीकडे डेप्युटेशन, म्हणजे तात्पुरती नेमणूक, मिळतं. मग संध्याकाळी सातनंतर वॉचमन आणि रेफर चिठ्ठी एवढंच उरतं. वर्षअखेरीस अहवालात लिहिलं जातं की रुग्णसंख्या कमी आहे, सबब पद भरण्याची निकड नाही.

मानकं लोकसंख्येवर बेतलेली आहेत. आयपीएचएस म्हणजे केंद्राच्या सार्वजनिक आरोग्य मानकांप्रमाणे सपाट भागात ३०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र (पीएचसी), डोंगरी भागात २०,००० मागे एक. सामुदायिक आरोग्य केंद्राला (सीएचसी) हेच आकडे १,२०,००० आणि ८०,०००. निपाणी-चिकोडीच्या दाट वस्तीला हे ठीक बसतं. कणकुंबी, जांबोटी, हेमाडगा, नागरगाळी या बाजूला २०,००० माणसं गोळा करायची तर अर्धं जंगल पालथं घालावं लागेल. तिथे मोजायला हवा तो वेळ, आणि तोही जुलैतला.

माझं म्हणणं एकच. पैसा रुग्णाच्या मागून येतो, तयारीच्या मागून येत नाही. रात्री दोन वाजता कोणी आलं नाही तरी नर्स, डॉक्टर, रक्त, ऑक्सिजन, वीज यांचा खर्च होतोच. तो खर्च धोरणात कुठल्याच रकान्यात बसत नाही, म्हणून लहान दवाखाना पहिला बळी पडतो.


हिशेबवही | सोमवार, सकाळी ९.१५

मलप्रभाकाठ, तयारीच्या खर्चाचा हिशेब मांडून बघू.

चोवीस तास एका जागी एक नर्स हवी तर आठवड्याला २१ पाळ्या होतात. एक नर्स सहा पाळ्या करते. २१ भागिले ६ म्हणजे साडेतीन. त्यात रजा, प्रशिक्षण, आजारपण धरलं की पाच माणसं लागतात. आता चोवीस तास चालणाऱ्या पीएचसीसाठी सरकारने धरलेल्या नर्स किती? तीन. तीन नर्सच्या १८ पाळ्या होतात. म्हणजे कोणीही एकही रजा घेतली नाही तरी आठवड्यातल्या तीन पाळ्या रिकाम्या. हा कोणाचा आळस नव्हे, भागाकारच चुकलेला आहे. मग बारा-बारा तासांच्या पाळ्या लावतात, आणि चार-सहा महिन्यांत माणूस बदलीचा अर्ज टाकतो.

तज्ज्ञांचंही तेच. सीएचसीला स्त्रीरोगतज्ज्ञ एक, भूलतज्ज्ञ एक, बालरोगतज्ज्ञ एक. पद भरलं असं कागदावर दिसतं, पण एक माणूस ३६५ रात्री फोनवर हजर राहू शकत नाही. भूलतज्ज्ञ रजेवर गेला की उरलेल्या दोघांचा त्या रात्री सिझेरियनसाठी उपयोग शून्य.

अमेरिकेत हाच प्रश्न आहे आणि तिथल्या धोरणाचा एक भाग अभ्यासण्यासारखा आहे. १९९७ मध्ये त्यांनी दूरवरच्या लहान रुग्णालयांसाठी वेगळा वर्ग केला. खाटा जास्तीत जास्त २५, जवळचं दुसरं रुग्णालय साधारण ३५ मैलांवर, डोंगरात १५ मैलांवर. अशांना वृद्धांच्या सरकारी विम्यातून ठरीव दर न देता झालेल्या खर्चाच्या १०१ टक्के मिळतात. तरीही रुग्णालयं बंद पडत राहिली. म्हणून जानेवारी २०२३ पासून आणखी एक वर्ग आला: भरतीच्या खाटा सोडून द्यायच्या, पण आपत्कालीन विभाग चोवीस तास ठेवायचा. त्या बदल्यात दरमहा ठरलेली रक्कम, रुग्ण येवोत न येवोत, आणि बाह्यरुग्ण सेवेवर ५ टक्के जास्त.

त्यांची विम्याची रचना आपली नाही, ती जशीच्या तशी उचलता येणार नाही. पण दरमहा ठरलेली रक्कम हा विचार जंगलकाठच्या केंद्रांना अगदी लागू पडतो.


रात्रपाळी | सोमवार, दुपारी १.०५

हिशेबवही दादांचा भागाकार बरोबर आहे. मी लेबर रूमच्या बाजूने दोन गोष्टी सांगते. त्या पैशाच्या कमी आणि शिस्तीच्या जास्त आहेत.

पहिली, ऑक्सिटोसिन. बाळ बाहेर आल्यावर एक मिनिटाच्या आत १० युनिट दंडात किंवा मांडीत द्यायचं असतं. हे इंजेक्शन २ ते ८ अंशात ठेवायचं. होतं काय, पाळी सुरू होताना सगळे अँप्यूल ट्रेमध्ये काढून ठेवतात आणि ट्रे निर्जंतुकीच्या यंत्राशेजारी, उन्हाच्या खिडकीत पडून राहतो. औषध दिल्याची नोंद होते, गर्भाशय मात्र आवळत नाही, रक्तस्राव थांबत नाही. मग "पेशंट गंभीर होता" म्हणून बेळगावला. उपाय साधा आहे. ट्रेमध्ये दोनच अँप्यूल, बाकी फ्रिजमध्ये, आणि फ्रिजच्या दारावर दिवसातून दोनदा तापमान लिहायचा तक्ता. लसीच्या फ्रिजला हे सगळे करतात, लेबर रूमच्या फ्रिजला विसरतात.

दुसरी, मॅग्नेशियम सल्फेट. झटके आलेल्या बाईला पुढे पाठवण्यापूर्वी दोन्ही कुल्ल्यांत मिळून १० ग्रॅम द्यायचे असतात. ५० टक्क्यांचा २ मिलीचा एक अँप्यूल म्हणजे १ ग्रॅम. म्हणजे एका रुग्णाला दहा लागतात. अनेक ठिकाणी ट्रेमध्ये चार असतात, कारण मागणीपत्रात कोणीतरी 'आवश्यक औषध, किमान साठा ४' असं वर्षानुवर्षं कॉपी केलेलं असतं. किमान साठा दोन रुग्णांचा धरा, वीस ठेवा.

औषधांची मागणी सरकारी संगणक प्रणालीवर वर्षातून एकदा आधीच कळवलेली असते आणि गेल्या वर्षीच्या वापरावर ठरते. गेल्या वर्षी औषध आलंच नाही म्हणून वापर कमी दिसतो आणि यंदाही कमीच येतं. म्हणून औषध संपलं की 'संपले' ही नोंद तारखेसकट करा. ती नोंद नसेल तर पुढच्या वर्षी वाद घालायला कागद नसतो.


भूलविभाग | सोमवार, रात्री ९.३०

वर सिझेरियन थांबतं असं लिहिलंय, ते पुन्हा सुरू कसं करायचं ते लिहितो.

पहिल्या रेफरल केंद्राला, म्हणजे अडलेली केस पीएचसीतून जिथे आधी पाठवतात त्या रुग्णालयाला, तीन गोष्टी एकाच वेळी लागतात: चोवीस तास शस्त्रक्रिया, नवजात बाळाची सोय आणि रक्तसाठा. यातली एक नसेल तर बाकी दोन वाया. सरकार पदं सुटी-सुटी भरतं, इथेच घोटाळा होतो. खानापुरात भूलतज्ज्ञ आणि दुसऱ्या तालुक्यात स्त्रीरोगतज्ज्ञ अशी विभागणी झाली की दोन्हीकडे ओपीडी होते, शस्त्रक्रिया कुठेच होत नाही. दोघांना एकत्र, जोडीनेच नेमायला हवं आणि बदलीही जोडीनेच.

एमबीबीएस डॉक्टरांना जीवरक्षक भूल कौशल्याचं १८ आठवड्यांचं प्रशिक्षण देण्याची सोय राष्ट्रीय आरोग्य अभियानात होती, तशीच प्रसूतिशस्त्रक्रियेचं १६ आठवड्यांचं. नंतर त्यांचा कालावधी वाढवला. प्रशिक्षण चांगलं आहे, पण प्रशिक्षित डॉक्टर परत जिथे जातो तिथे शस्त्रक्रियागृह चालू नसेल तर सहा महिन्यांत सराव मोडतो आणि आत्मविश्वास जातो. म्हणून प्रशिक्षणाला पाठवण्याआधी त्याची पुढची जागा ठरलेली असावी, आणि पहिले दोन महिने आठवड्यातून एक दिवस बेळगावला अनुभवी भूलतज्ज्ञाशेजारी उभं राहायची परवानगी असावी.

रक्तसाठा केंद्राबद्दल गैरसमज फार. पूर्ण रक्तपेढी लागत नाही. सरकारी रुग्णालयातल्या साठा केंद्राला औषध कायद्याच्या परवान्यातून सूट आहे, फक्त राज्याची मान्यता लागते आणि वर्षाचा वापर २००० पिशव्यांच्या आत असावा लागतो. खोली १० चौरस मीटर पुरते. रक्त मान्यताप्राप्त मूळ रक्तपेढीतून येतं, म्हणजे आपल्याकडे बेळगावहून. लागतो तो रक्तासाठीचाच फ्रिज, २ ते ६ अंशांचा, अलार्मवाला. घरगुती फ्रिज चालत नाही. त्याचं दार उघडलं की आतलं तापमान एकदम चढतं आणि खालच्या कप्प्यात, वरच्या कप्प्यात फरक पडतो.

केंद्र बंद पडायचं खरं कारण फ्रिज नसतं. ठरीव साठ्यातल्या पिशव्या वापराविना मुदत संपून फेकाव्या लागतात, त्यावर ऑडिटचा शेरा येतो, आणि पुढचा अधिकारी साठाच ठेवत नाही. साध्या पिशवीची मुदत ३५ दिवस. मुदतीच्या दहा दिवस आधी ती मूळ पेढीला परत करायची, तिथे ती लगेच वापरली जाते. हे परतीचं चक्र करारात लिहून घ्या, गाडीचा वार ठरवून घ्या. मंगळवारी गाडी जाते-येते एवढं जरी पक्कं झालं तरी रक्त वाया जात नाही. आणि वॉर्डात नेलेली पिशवी अर्ध्या तासाहून जास्त बाहेर राहिली तर परत फ्रिजमध्ये ठेवायची नाही, हे फ्रिजवरच मोठ्या अक्षरात लावा. कन्नड आणि मराठी दोन्हीत.


तंबाखूपेठ | मंगळवार, सकाळी ८.२०

निपाणीकडून योजनेच्या टेबलाबद्दल. तयारीचा पैसा मिळेल तेव्हा मिळेल, पण आज जो पैसा येऊ शकतो तोही आपण सोडून देतो.

आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक २०१८ पासून आहे. बीपीएल (दारिद्र्यरेषेखालच्या) कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार, एपीएलला (रेषेवरच्यांना) पॅकेजच्या, म्हणजे उपचाराच्या ठरलेल्या दराच्या, ३० टक्के, तेही वर्षाला दीड लाखापर्यंत. सरकारी दवाखान्यालाही प्रत्येक केसचा दावा करता येतो. तो पैसा दवाखान्याच्या खात्यात येतो आणि त्यातून दुरुस्ती, औषधं, कंत्राटी माणसं भागवता येतात. पण दावा भरायला जो माणूस लागतो तो नसतो. नर्सनेच वॉर्ड सांभाळून दुपारी संगणकावर बसायचं म्हटलं की दहापैकी चार केसेस सुटतात.

दावे अडकण्याची आपल्या भागातली कारणं वेगळी आहेत, म्हणून लिहितो.

नाव. रेशनकार्ड कन्नडमध्ये, आधार मराठी-इंग्रजीत. लक्ष्मी, लक्ष्मीबाई, लक्ष्मव्वा ही एकच बाई तीन कागदांवर तीन नावांनी असते. प्रणाली जुळत नाही म्हणते. भरती झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा गरोदरपणाच्या पहिल्या नोंदणीलाच कार्ड जुळवून घ्यावं. आशाताईंच्या यादीत हा एक रकाना वाढवला तर अर्धं काम होतं.

माहेर-सासर. मुलगी कागल-गडहिंग्लजची, सासर निपाणीचं. नाव अजून महाराष्ट्राच्या रेशनकार्डावर असतं. लग्नानंतर नाव कमी केल्याचा दाखला तिकडून आणल्याशिवाय इकडे चढत नाही. यात तीन-चार महिने सहज जातात, म्हणजे पहिलं बाळंतपण बिनकार्डाचं.

बोटं. विड्या वळणाऱ्या आणि तंबाखूत राबणाऱ्या बायकांच्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत. तीनदा प्रयत्न करून "उद्या या" सांगतात. ओटीपी किंवा चेहऱ्याने ओळख पटवायचा पर्याय असतो, तो मागा. आधारला मोबाइल जोडलेला असेल तर पाच मिनिटांचं काम.

वेळ. भरतीची, शस्त्रक्रियेची आणि सुटीची वेळ केसपेपरवर एक, प्रणालीत दुसरी असेल तर दावा परत येतो. दुरुस्ती करून पुन्हा पाठवायची मुदत ठरलेली असते, ती गेली की पैसे बुडाले.

अजून एक. तातडीच्या यादीतल्या उपचारांना रेफरल चिठ्ठी लागत नाही. २०१८ च्या यादीत असे १६९ उपचार होते. बाकीच्यांना सरकारी दवाखान्याची चिठ्ठी लागते. चिठ्ठीसाठी रात्रभर थांबवलेला अपघाताचा रुग्ण ही नियमाची गरज नाही, टेबलावरच्या माणसाचं अज्ञान आहे.


शिवार_अथणी | मंगळवार, सकाळी ११.४५

महाराष्ट्र दावा सांगतो त्या सीमाभागातल्या ८६५ गावांना महाराष्ट्राची महात्मा फुले जनआरोग्य योजना मिळणार होती, तिचं काय झालं? आमच्याकडचे सगळे मिरज-सांगलीलाच जातात.


तंबाखूपेठ | मंगळवार, दुपारी १२.१०

महाराष्ट्राने २०२३ मध्ये ८६५ गावांना योजना लागू करायचं ठरवलं, कर्नाटकाने हरकत घेतली, आणि जानेवारी २०२४ मध्ये बेळगाव भागातली अर्ज भरायची केंद्रं इथल्या प्रशासनाने बंद केली. त्यावर हा धागा वळवू नये असं वाटतं. व्यवहाराचं तेवढं सांगतो. केंद्राच्या पीएम-जय (आयुष्मान भारत) योजनेत तुमच्या कुटुंबाचं नाव असेल तर दुसऱ्या राज्यातल्या नोंदणीकृत रुग्णालयातही कार्ड चालतं. नाव फक्त राज्याच्या यादीत असेल तर अडचण येते. घरून निघण्यापूर्वी १४५५५ वर फोन करून दोन प्रश्न विचारा: आमचं नाव कुठल्या यादीत आहे, आणि त्या रुग्णालयात हा आजार नोंदवलेला आहे का. रुग्णालय योजनेत असतं पण तो विभाग नसतो, असं फार वेळा होतं.


कृष्णाकाठ | मंगळवार, संध्याकाळी ६.५०

मी थोडा वेगळा विचार मांडतो. आपण फक्त सरकारी दवाखान्यांचं बोलतोय. अथणी, रायबाग, निपाणीत दहा-वीस खाटांचे खासगी दवाखाने आहेत आणि रात्रीचा बराच भार तेच वाहतात. तेही दमलेत. केपीएमई (खासगी दवाखान्यांच्या राज्य कायद्याखालची) नोंदणी, अग्निशमन, सोनोग्राफीची नोंदणी, जैविक कचरा, प्रत्येकाचं वेगळं शुल्क. कचऱ्याचंच बघा. ४८ तासांहून जास्त साठवायचा नाही असा २०१६ चा नियम. नियम योग्यच आहे. पण आडगावात गाडी रोज येत नाही, आणि पैसे खाटांवर मोजतात, कचऱ्याच्या वजनावर नव्हे.

पीएम-जयमध्ये आकांक्षित, म्हणजे केंद्राने मागास म्हणून निवडलेल्या, जिल्ह्यातल्या रुग्णालयांना पॅकेजवर १० टक्के जास्त मिळतात. कर्नाटकात असे जिल्हे दोनच, रायचूर आणि यादगीर. बेळगाव जिल्हा एकूण सरासरीने बरा दिसतो, कारण बेळगाव शहर त्या सरासरीत आहे. खानापूरचा जंगलपट्टा त्या सरासरीखाली गाडला जातो. वाढीव दर जिल्ह्यावर न ठरवता तालुक्यावर किंवा रस्त्याच्या वेळेवर ठरला पाहिजे.

आणि जिथे सरकारी भूलतज्ज्ञ नाही तिथे खासगी भूलतज्ज्ञाला केसमागे मानधन देऊन बोलवायची सोय आहेच, ती नीट का वापरत नाहीत?


भूलविभाग | मंगळवार, रात्री ८.४०

कृष्णाकाठ, केसमागे मानधन दिवसाच्या ठरलेल्या शस्त्रक्रियांना चालतं. रात्रीला चालत नाही. रात्री दोनला येणाऱ्याला केस झाली तर पैसे, नाही झाली तर शून्य. मग तो रात्रभर फोन चालू का ठेवेल? आठवड्याच्या राखीव ड्युटीची ठरीव रक्कम द्या आणि वर केसमागे थोडं द्या. शेजारच्या तीन तालुक्यांचे सरकारी-खासगी मिळून पाच भूलतज्ज्ञ असतील तर एकेकाला आठवड्यात दीड रात्र येते. हे जमण्यासारखं आहे. मानधन तीन-तीन महिने थकलं की मात्र पहिला माणूस यादीतून गळतो, मग दुसरा.


हिशेबवही | मंगळवार, रात्री १०.००

खासगीबद्दल अजून एक. अख्खा दवाखाना चालवायला देण्याचे प्रयोग कर्नाटकात झालेत. चामराजनगरमधलं गुंबळ्ळीचं पीएचसी १९९६ मध्ये करुणा ट्रस्टकडे दिलं, ते नावारूपाला आलं. रायचूरचं ओपेक रुग्णालय अपोलोकडे होतं, तो करार २०१२ मध्ये संपला आणि पुढे वाढवला गेला नाही. दोन्हींकडे बघून माझं मत असं झालंय की लहान केंद्र, स्थानिक माणसं आणि दीर्घ मुदत असेल तर चालतं. मोठी इमारत कराराने दिली तर करार संपल्यावर यंत्रं आणि माणसं कोणाची, हा प्रश्न आधी लिहून ठेवावा लागतो.


रानवाट | बुधवार, सकाळी ६.३०

खानापूर तालुक्यातल्या भीमगड अभयारण्याच्या बाजूने लिहितो. आमगाव, गवाळी, पास्तोली, तळेवाडी, कृष्णापूर या गावांना पावसाळ्यात रस्ता असा नसतोच. ओढ्याला पाणी आलं की रुग्ण बांबूला घोंगडी बांधून खांद्यावर आणायचा. अभयारण्यात पक्का रस्ता करायला वनखात्याची परवानगी लागते. म्हणून निम्म्या गोष्टी आरोग्यखात्याच्या हातातच नाहीत, हे आधी मान्य करायला पाहिजे.

तिथे २४ तासांचं केंद्र उभारा असं मी म्हणणार नाही. माणूस टिकणार नाही. त्यापेक्षा मुक्कामाची सोय करा. जून ते सप्टेंबरमध्ये तारीख असलेल्या गरोदर बाईला ३७ व्या आठवड्यात खानापूरला आणून ठेवायचं. दवाखान्याच्या आवारात चार खोल्या, चूल किंवा गॅस, सोबत एका माणसाची राहायची सोय, आणि रोज एकदा नर्सची फेरी. ही सोय का फसते तेही सांगतो. बाई एकटी येत नाही, घरी दोन लहान लेकरं आणि गुरं असतात. म्हणून लेकरांना सोबत आणायची मुभा हवी आणि जेवण सगळ्यांचं हवं. शिवाय सोबतच्या माणसाची रोजंदारी बुडते, तिची काही भरपाई नसेल तर चौथ्या दिवशी ते परत जातात. मेच्या शेवटी यादी तयार पाहिजे. जुलैत यादी करून उपयोग नाही.

रुग्णवाहिकेतला ऑक्सिजनही मोजून ठेवा. लहान बी सिलेंडरमध्ये साधारण १५०० लिटर. मिनिटाला १० लिटर लावले तर अडीच तास, १५ लावले तर १०० मिनिटं. हे पूर्ण भरलेल्या सिलेंडरचं झालं. काटा अर्ध्यावर असेल तर निम्मं. कणकुंबीहून चोर्ला रस्त्याने बेळगावला निघालात आणि झाड पडून गाडी थांबली तर १५ वर लावलेला अर्धा सिलेंडर ५० मिनिटांत संपतो. म्हणून पावसाळ्यात दोन सिलेंडर आणि पाना गाडीतच बांधलेला. पाना नसल्यामुळे भरलेला सिलेंडर जोडता येत नाही, हे ऐकायला क्षुल्लक वाटतं पण सर्रास होतं.


जोडणी_दुरुस्ती | बुधवार, दुपारी २.१५

वीज आणि यंत्रांवर मी.

कोविडनंतर २०२१ मध्ये बऱ्याच तालुका रुग्णालयांत हवेतून ऑक्सिजन करणारे पीएसए प्लांट बसले. त्यातले कितीतरी झाकून ठेवलेत. प्लांट बंद ठेवल्याने वाचत नाही, मरतो. आतले हवेतून नायट्रोजन वेगळा काढणारे झिओलाइटचे दाणे ओल धरतात आणि मग शुद्धता ९० टक्क्यांच्या खाली येते. आपल्याकडच्या पावसात तर लवकरच. आठवड्यातून किमान एकदा दोन-तीन तास चालवा, शुद्धतेचा आकडा वहीत लिहा, एअर ड्रायरचं पाणी रोज बाहेर पडतंय का बघा. फिल्टर वेळेवर न बदलल्यास कॉम्प्रेसरचं तेल दाण्यांपर्यंत जातं, आणि एकदा तेल लागलं की दाणे बदलण्याशिवाय इलाज नाही. त्याचा खर्च तालुका पातळीवरच्या निधीत बसत नाही.

दुसरं जनरेटर. हेस्कॉमची (वीज कंपनीची) लाइन खानापूरच्या पश्चिमेला पावसात वरचेवर जाते. ६२.५ केव्हीएचा जनरेटर तासाला १० लिटर डिझेल पितो असं धरा. दिवसाला आठ तास म्हणजे ८० लिटर, लिटरला ९० रुपये धरले तर ७,२०० रुपये रोजचे. आता निधी बघा. राष्ट्रीय आरोग्य अभियानातून सीएचसीला वर्षाचा मुक्त (गरजेप्रमाणे वापरायचा) निधी ५ लाख, पीएचसीला पावणेदोन लाख. पाच लाख नुसत्या डिझेलला वापरले तरी ७० दिवसांत संपतात. आणि त्यातूनच रंग, नळ, पलंगाची चाकं, सगळं करायचं असतं. मलप्रभाकाठ म्हणतात तो तयारीचा रकाना सगळ्यात आधी डिझेलसाठी पाहिजे. शस्त्रक्रियागृह, लेबर रूम, रक्ताचा आणि लसीचा फ्रिज एवढ्यांची वेगळी वायरिंग करून ती लहान जनरेटरवर किंवा सौर-बॅटरीवर टाकली तर डिझेल निम्म्याहून खाली येतं. सगळी इमारत एकाच जनरेटरवर टाकतात, वऱ्हांड्यातले पंखेही त्यावरच, ही मूळ चूक.


मलप्रभाकाठ | बुधवार, रात्री ९.००

निधीचं एक जोडतो. २०२१ पासून अभियानाचा पैसा एकाच नोडल खात्यातून जातो. दवाखान्याच्या खात्यात रक्कम पडून राहत नाही, खर्चाची मर्यादा फक्त मिळते. ती बऱ्याचदा जानेवारी-फेब्रुवारीत मिळते आणि ३१ मार्चला संपते. म्हणून दवाखान्याच्या आरोग्य रक्षा समितीची बैठक डिसेंबरमध्येच घेऊन खर्चाचा ठराव आणि तीन कोटेशन तयार ठेवायची. मार्चमध्ये बैठक बोलवली की गरज नसलेल्या खुर्च्या येतात.

बक्षिसाच्या वाटाही आहेत. कायाकल्प या दवाखान्यांच्या स्वच्छता स्पर्धेत ७० टक्के गुण मिळाले तर पीएचसीला ५० हजार प्रोत्साहन, जिल्ह्यात पहिलं आलं तर २ लाख. राष्ट्रीय गुणवत्ता प्रमाणपत्र मिळालं तर पीएचसीला तीन वर्षं दरवर्षी ३ लाख, रुग्णालयाला दर खाटेमागे १०,०००. यात एक खोच आहे. ज्यांच्याकडे माणसं आहेत त्यांचे कागद नीट असतात, बक्षीसही त्यांनाच मिळतं. सर्वात गरजू केंद्र या शर्यतीत उतरूच शकत नाही.

डॉक्टर टिकवण्याचे कायदे कोणाला नीट माहीत आहेत का?


रात्रपाळी | गुरुवार, सकाळी ७.१०

वैद्यकीय शिक्षणानंतर सक्तीच्या सरकारी सेवेचा कायदा कर्नाटकात २०१२ चा आहे, एक वर्षाचा. २०२३ च्या दुरुस्तीनंतर जागा रिकामी असेल तिथेच सेवा, सगळ्यांना सक्ती नाही. म्हणजे आता रिक्त जागांची यादी अचूक असणं फार महत्त्वाचं झालं. डेप्युटेशनवर गेलेल्याचं पद कागदावर भरलेलंच दिसतं, त्यामुळे ती जागा यादीत येतच नाही. डेप्युटेशन रद्द करा ही मागणी म्हणूनच नव्या डॉक्टरच्या मागणीआधी करायला हवी.

पीजीच्या विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा पातळीवर काम करायचं असतं. बेळगावात सरकारी आणि खासगी दोन्ही वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. खाटांच्या अटीत बसणाऱ्या तालुका रुग्णालयांत भूल, स्त्रीरोग, बालरोगाचे विद्यार्थी आळीपाळीने पाठवता येतील. मात्र वर तज्ज्ञ हवाच. विद्यार्थ्याला एकटं सोडणं त्याच्यावरही अन्याय आणि रुग्णावरही.

आणि राहायला घर. क्वार्टर्स गळत असतील, शाळा लांब असेल, तर वाढीव पगारालाही माणूस थांबत नाही. 'तुम्ही आकडा सांगा, आम्ही देऊ' या पद्धतीने तज्ज्ञांना बोलवून पाहिलंय. माणूस येतो, पण करार अकरा महिन्यांचा असतो आणि नूतनीकरण लांबलं की जातो.


शिवार_अथणी | गुरुवार, सकाळी १०.३०

सामान्य माणसाने यातलं काय विचारायचं? आमच्याकडे माहिती अधिकारात अर्ज केला तर "प्रश्न मोघम आहे" म्हणून परत आला.


हिशेबवही | गुरुवार, दुपारी ४.२०

कर्नाटकाच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द एवढीच मुभा आहे. दहा प्रश्न एकत्र लिहिले की परत येतो. शुल्क १० रुपये, बीपीएलला माफ, कार्डाची प्रत जोडायची. उत्तराला ३० दिवस. अर्ज तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या कार्यालयाच्या माहिती अधिकाऱ्याला, दवाखान्याचं नाव स्पष्ट लिहून.

"डॉक्टर का नाहीत" असं विचारू नका. 'का'चं उत्तर द्यायला ते बांधील नाहीत, नोंदीची प्रत द्यायला आहेत. पहिल्या अर्जात एवढंच मागा: गेल्या १२ महिन्यांच्या रेफर-बाहेर रजिस्टरची (पुढे पाठवलेल्या रुग्णांच्या वहीची) प्रत, रुग्णाचं नाव झाकून, तारीख, वेळ, कारण आणि कुठे पाठवलं हे रकाने ठेवून. या एका वहीत सगळं दिसतं. किती रुग्ण संध्याकाळी सातनंतर पाठवले, 'भूलतज्ज्ञ उपलब्ध नाही' किती वेळा लिहिलं, कुठल्या वारी जास्त. दुसरा अर्ज महिन्याभराने: मंजूर पदं, भरलेली पदं आणि डेप्युटेशनवर गेलेल्यांची यादी, तारखांसह. तिसरा जनरेटरच्या लॉगबुकचा.


शिवार_अथणी | गुरुवार, दुपारी ४.५५

रजिस्टरमध्ये वेळच लिहिलेली नसली तर?


हिशेबवही | गुरुवार, संध्याकाळी ५.३०

तर १०८ ची नोंद असते, तिच्यात कॉल आल्याची आणि रुग्ण उचलल्याची वेळ येते. आणि रुग्णाकडे राहिलेली रेफर चिठ्ठी जपून ठेवायला सांगा. तिच्यावर वेळ नसेल तर घेतानाच नर्सताईंना "एवढी वेळ घाला की" म्हणून सांगायचं. ते त्यांच्याही सोयीचं असतं.